आबांचा खांदा आणि रायफलीचा दस्ता

बंदुकीचं काम करतो म्हटलं की लोक आधी माझ्या मिशा शोधतात. त्या नाहीत. मग खांदे बघतात. तेही बेताचेच आहेत. लग्नकार्यात एखादा नवा पाहुणा हमखास विचारतो, "मग वाघबिघ मारलाय की नाही?" मी घसा खाकरून गोष्ट रचायच्या आत आमची मंडळी पलीकडून आवाज देते, "अहो, घरात पाल निघाली तर हे मला हाक मारतात." तेव्हा वाचकांनीही वाघाची आशा धरू नये. ही गोष्ट लाकडाची आहे.

मी सुतार. लोणावळ्याच्या बाजारात वडिलांचं दुकान होतं. ते बाजा, पाळणे, टांग्यांचे साटे करायचे. मी मिसरूड फुटायच्या वयात पुण्याच्या लष्कर भागात एका बंदुका दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली राहिलो आणि तिथे मला दस्त्याचा नाद लागला. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला लावतात आणि ज्याच्यावर गाल टेकतात. लोकांना नळीचं कौतुक. नळी कुठल्या विलायती कारखान्याची, किती लांब मारते, हेच विचारतात. पण नळीला माणसाची ओळख नसते. ती ओळख दस्ता करून देतो. गोळी नळीतून सुटली तरी नेम दस्त्यातून जातो, असं उस्ताद म्हणायचे आणि मग माझ्या कामाकडे बघून कपाळावर हात मारायचे.

आता हे काम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लाकूड पाहिजे जुनं, वाळलेलं. सगळ्यात चांगलं अक्रोडाचं. ते उत्तरेकडून यायचं आणि त्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक आपोआप शिसवावर यायचं. शिसव देखणं, टणक, पण जड. साग हलका, पण धक्क्याने चिरतो. दस्त्याची मान, म्हणजे जिथे मूठ धरतात तो बारीक भाग, तिथे लाकडाची रेघ सरळ गेलेली लागते. रेघ आडवी गेली की मान मोडलीच. मग लोखंड लाकडात बसवायचं. ते नुसतं खाचेत ठेवून भागत नाही. लोखंडाला तेलात कालवलेलं काजळ फासायचं, खाचेत दाबायचं, उचलायचं. लाकडावर जिथे काळा डाग उमटला तिथे लोखंड घासतंय. तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाबायचं, पुन्हा खरवडायचं. सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत हाच खेळ. घरातल्या काजळाच्या डब्या मी अशा संपवल्या की मंडळीने एकदा माझ्या सासूबाईंना सांगितलं, "आई, काजळ हे वापरतात, मी नाही."

चेहरा तर कायमच काळा. गाल खाजला की हात जाणारच. खंडाळ्याच्या एका बंगल्यावर बंदूक पोचवायला गेलो, तर तिथल्या खानसाम्याने मला कोळशाच्या खोलीचा रस्ता दाखवला.

आमच्याकडे हवा अशी की निम्मं वर्ष लाकूड पाणी पितं आणि निम्मं वर्ष तहानलेलं राहतं. लोणावळ्यातल्या कुठल्याही घरी श्रावणात जा, दाराला ढुंगणाने ढकलल्याशिवाय ते लागत नाही. मार्गशीर्षात त्याच दाराच्या फटीतून मांजर ये-जा करतं. दाराचं जे होतं तेच दस्त्याचं. छर्र्याच्या बंदुकीला फारसा फरक पडत नाही, छर्रे पसरतात, एखादा तरी लागतो. रायफलीची गोळी एकच. फुगलेल्या लाकडाने नळीला कुठून केसभर रेटा दिला की लांबवर गोळी हातभर बाजूला जाते.

मग एवढी कटकट असताना लाकूडच कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. तो पाडला रेल्वेच्या शेडमधल्या एका फिटरने, आमच्या गणपतरावांनी. "राव, एवढे मोठे बोगदे झाले, पूल झाले, आणि तुम्ही अजून लाकूड काय तासताय? लोखंडी दस्ता करू. ना फुगणार, ना आटणार." मला ते इतकं पटलं की रात्री झोप आली नाही. भंगारातली नळी आणि पट्टी जोडून त्यांनी झकास दस्ता केला. एका ओळखीच्या बागाईतदाराच्या रायफलीला तो चढवून आम्ही तिघे मळवलीच्या डोंगराखाली गेलो. दिवस पौषातले, सकाळची वेळ. मी मोठ्या ऐटीत गाल टेकवला आणि तसाच उचलला. बर्फाच्या लादीवर गाल ठेवल्यासारखं झालं. दात आवळून बार काढला. लाकूड धक्का पोटात घेतं, हे मला तेव्हा कळलं, कारण लोखंडाने तो जसाच्या तसा माझ्या गालफडात पोचवला. कानात रेल्वेची घंटा वाजत राहिली. उन्हं चढल्यावर गणपतरावांनी हौसेने हात लावला, तर आता ते तापलं होतं. भरीला पट्ट्याची कडी त्याच्यावर आपटून असा खणखणाट व्हायचा की शिकार दूरच, शेजारच्या वाडीतली कुत्री जागी होऊन भुंकायला लागली.

घरी गेलो तर मंडळी गालाकडे बघत म्हणाली, "आज रंधा तोंडावर फिरवलात वाटतं?"

तो दस्ता पुढे आमच्या न्हाणीघरात हंडा टेकवायला कामी आला. तिथे त्याने उत्तम नोकरी केली.

पण लाकडाबद्दल मला जे खरं कळलं ते त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी, औंढ्याच्या आबांमुळे.

आबा म्हणजे लोणावळ्याजवळच्या औंढ्याचे एक जुने शेतकरी. तरुणपणी खंडाळ्याच्या एका साहेबाला रान दाखवायला जायचे. साहेब विलायतेला जाताना आपली रायफल त्यांना देऊन गेला आणि पिकाच्या राखणीसाठी सरकारी परवानाही करून देऊन गेला. तिचा मूळचा दस्ता मानेत मोडलेला होता. मी नवा शिसवाचा केला, आबांच्या मापाने. माप घ्यायची साधी रीत आहे. कोपर दुमडायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या खळगीत टेकवायचं आणि बोट चापावर पोचतं का ते बघायचं. आबा तेव्हा असे धिप्पाड होते की मला लाकडाचा मोठा ओंडका काढावा लागला. तेव्हापासून गावात भातं पिकायला लागली की आबा बांधावर बसायचे. रानडुकरांचा कळप आंबेमोहरात शिरला की एका फेरीत वावर नांगरल्यासारखं होतं. आबांनी कधी गोळी वाया घालवली नाही, असं अख्खं गाव सांगायचं.

एका वर्षी दसरा झाल्यावर आबा दुकानात आले. बरोबर पुतण्या दगडू, चांगला तिशीचा, ताडासारखा उंच. रायफल त्याच्या खांद्यावर होती, हे माझ्या आधी लक्षात आलं.

"भाऊ," आबा बाकावर टेकत म्हणाले, "हिला काय झालंय ते बघा. न्हाईतर मला काय झालंय ते बघा."

"बंदुकीला काय न्हाई झालं," दगडू म्हणाला. "आबांचं डोळं गेल्यात. दोनदा डुक्कर म्होरनं गेलं, दोनदा गोळी भलतीकडंच."

"डोळं गेल्यात तर हितल्या हितं तुज्या मिशीतला भाताचा कण कसा दिसला रं मला?"

दगडूने मिशी पुसली. कण खरंच होता.

पण प्रकरण थट्टेचं नव्हतं. दुसऱ्यांदा नेम चुकला त्या संध्याकाळी डुकरांनी कोंडामावशीचं वावर लोळवलं होतं. मावशीला दुसरं वावर नाही. गाव देवळात बसलं आणि ठरलं की येत्या बाजारापर्यंत आबांनी रायफल दगडूच्या हाती द्यायची, परवान्याचंही बघायचं. आबांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते याचं, की देवळात कुणी त्यांच्याकडे बघून बोललं नाही. "देतो की मी," ते म्हणाले. "पन खोट कुनात हाय ते कळल्याबिगर न्हाई देत."

मलाही तेच पाहिजे होतं. मला, खरं सांगायचं तर, गावापेक्षा त्या गोळीचं कुतूहल जास्त होतं. मी विचारलं, "आबा, गोळी जाते कुठे? वर, खाली?"

"उजवीकडं. दोन्ही येळंला उजवीकडं."

म्हातारे डोळे एकाच बाजूला चुकत नाहीत. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि त्यांच्याबरोबर औंढ्याला गेलो.

गावाबाहेर उंच बांधाला एक फुटकं सूप टेकवलं, मधोमध चुन्याचा टिळा लावला. काडतुसं मोजकीच, म्हणून आबांना न देता मी रायफल दगडूला दिली; तरण्या डोळ्यांचाही नेम चुकला तर खोट बंदुकीत. निम्मं गाव बघायला. दगडूने पाय रोवले, नेम धरला, बार काढला. सूप जागचं हललं नाही. धूळ उडाली ती उजवीकडच्या निवडुंगात.

"वारं व्हतं," दगडू म्हणाला.

"माज्या येळंला बी वारंच व्हतं की," आबा म्हणाले. गाव हसलं. आबा हसले नाहीत, पण त्यांनी पागोटं सरळ केलं.

मी आबांच्या ओसरीवर बसलो आणि कागदाचा एक कपटा नळी आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवून बघितला. उजवीकडून तो सहज गेला. डावीकडे अडकला. म्हणजे डावीकडचं लाकूड फुगून नळीला उजवीकडे ढकलत होतं. पण पाऊस दोन्ही बाजूंना सारखाच असतो, मग एकच बाजू का? स्क्रू काढून नळी उचलली. खाचेत काहीतरी चिकट, आंबूस वासाचं. त्यात मुंग्या. एका कोपऱ्यात कुंकवाचा लगदा. मी ते बोटाला घेतलं, वास घेतला आणि, मंडळीला हे आजतागायत सांगितलेलं नाही, चाखलं.

मध होता.

आबांची मालकीण, लक्ष्मीमावशी, दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "मावशी, खंडेनवमीला हिची पूजा कशी करता?"

"कशी म्हंजी? सगळं यवस्थित करते," मावशी अभिमानाने म्हणाल्या. "आदी नुसतं हळदकुंकू व्हायचं. पन थोरला नातू तापातनं उठला तवाधरनं मी पंचामृताचा अभिषेक घालती. दूद, दही, तूप, मद, साखर. पाटावर आडवी ठिवती, वरनं ऊन पानी सोडती. रातभर तशीच ऱ्हाती, देवापुढं."

"कुठल्या कुशीवर?"

मावशींनी तळहात आडवा करून दाखवलं. डाव्या कुशीवर. पाटाला कड होती. सगळं पंचामृत डाव्या बाजूला साचायचं आणि माझं शिसव ते रात्रभर प्यायचं.

गंमत बघा, खंडेनवमीला माझ्या घरी मंडळीने रंध्यावर पाण्याचा शिंतोडा जरी उडवला तरी मी घर डोक्यावर घेतो. पण गिऱ्हाइकाच्या घरी बंदुकीला आंघोळ घालत असतील, हे एवढ्या वर्षांत डोक्यात आलं नव्हतं.

"मावशी, अभिषेक बंद करावा लागेल."

"मंग काय देवाला कोरडंच ठेवू व्हय?" मावशींचा आवाज चढला. "नातू उठलाय माजा त्याच्यावर."

दगडू छपराकडे बघायला लागला. नातवाच्या जिवाशी मी बोलू शकत नव्हतो आणि लाकडाशी मावशी बोलू शकत नव्हत्या. शेवटी तोड मावशींनीच काढली. "सुपारीवर करती. बंदूक म्हनून सुपारी मांडती पाटावर. गनपतीला चालती, हिला न चालाय काय झालं?"

मी दस्ता दुकानात आणला. सावलीत वाळवला. उन्हात ठेवला असता तर चिरला असता. मग काजळाची डबी काढली आणि डावीकडची खाच कागदाचा कपटा मोकळा फिरेपर्यंत खरवडली. आतून जवसाचं तेल मुरवलं. बहुतेक लोक बाहेरून चमकवतात आणि आतून कोरडं सोडतात. पाणी तर आतूनच शिरतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी पुन्हा औंढं, तेच सूप. आधी दगडूने बार काढला. गोळी टिळ्याच्या कडेला. गाव ओरडलं. दगडू वळून आबांना म्हणाला, "आबा, डोळं तुमचं न्हाईत गेलं. लाकडाचं गेलतं." हे सगळ्यांच्या देखत म्हणाला, त्याला मी मानलं.

मग आबांनी रायफल घेतली. नेम धरायला त्यांना जरा वेळ लागला. बार झाला. धूळ उडाली ती सुपाच्या खाली, जमिनीत.

कुणी हसलं नाही. दगडूने एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. कोंडामावशी गर्दीत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. आबा रायफल खाली करून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊ. कळलं."

मला मात्र कळलेलं नव्हतं. गोळी आता उजवीकडे गेली नव्हती, खाली गेली होती. म्हणजे कारण वेगळं. मी म्हटलं, "आबा, बार काढू नका. नुसती खांद्याला लावा." त्यांनी लावली. आणि मी पहिल्यांदा बंदुकीऐवजी माणसाकडे बघितलं. दस्ता वर येताना काखेत, बंडीच्या चुणीत अडकत होता. तो नीट बसेना म्हणून आबा मान पुढे ताणत होते, आणि चापापर्यंत पोचायला खांदा ओढत होते, तेवढ्यात नळीचं टोक खाली झुकत होतं. मी त्यांचं कोपर दुमडून दस्ता खळगीत टेकवला. बोट चापावर पोचलं नाही. नुसतं नख लागलं.

ज्या दंडाचं माप घेऊन मी तो ओंडका निवडला होता, तो दंड आता तिथे नव्हता. लाकूड फुगलं होतं आणि माणूस सुकला होता. लाकडाचं मला कळलं, कारण ते माझं काम. माणूसही आटतो, हे बघणं माझं काम आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"दोन बोटं कापला की बसेल," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली. कारण दोन बोटं कापला तर तो दगडूला बसणार नव्हता. ताडासारख्या माणसाला तोकडा दस्ता म्हणजे गाल आणि अंगठा एकमेकांवर आपटणार. उद्या बाजार. आज कापलं की रायफल आबांची, नाही कापलं की दगडूची. करवत माझ्या पिशवीत, आणि सगळं गाव माझ्या पिशवीकडे बघत होतं.

आबांनी दगडूकडे बघितलं. दगडूने एकदा निवडुंगाकडे बघितलं.

"कापा," तो म्हणाला. "आबांनी मारलेलं डुक्कर मी उचलून आनतो. मला उचलाय लांब हात लागत्यात."

मी दस्त्याच्या मागच्या टोकाचा लोखंडी पत्रा सोडवला. बैलगाडीच्या जुवावर दस्ता टेकवला आणि दगडूने तो स्वतः दाबून धरला. वर्षानुवर्षं मुरलेलं शिसव कापताना गुळासारखा वास येतो. तुकडा खाली पडला. पत्रा पुन्हा बसवला. आबांनी रायफल उचलली. ती या वेळी काखेत अडकली नाही, सरळ खांद्यात जाऊन बसली. गाल आपसूक लाकडावर आला. बार झाला.

चुन्याचा टिळा गेला. त्या जागी भोक.

गाव काय ओरडलं ते सांगत नाही. कोंडामावशींनी आबांच्या पागोट्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. आबा मात्र खाली वाकून गवतात काहीतरी शोधत होते. कापलेला तुकडा त्यांनी उचलला, फुंकर मारून भुसा उडवला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्यो परत लावता येतोय का?"

"येईल की. पण आबा, आत्ताच तर..."

"मला न्हाई. ह्याचा हात लांब हाय," त्यांनी दगडूकडे मान उडवली. "मी दमल्यावं बांधावर कोन बसंल?"

सरसाने चिकटवला तर तो कायमचा बसणार. मी तो दोन लांब स्क्रूंवर बसवला. स्क्रू काढले की आखूड, घातले की लांब. स्क्रू फिरवायला एक जुना पेचकस दिला, तो दगडूने कमरेला खोचला. बाजाराच्या दिवशी देवळात परत कुणी बसलं नाही.

पुढे लढाई लागली, काडतुसं मिळेनाशी झाली, बंगले ओस पडले. आता माझ्याकडे दस्त्याचं काम वर्षातून एखादं येतं. बाकी मी खिडक्या करतो. खिडकी माप द्यायला कोपर दुमडत नाही, आणि तिचा मला कंटाळा येतो.

औंढ्याची रायफल मात्र मध्ये एकदा आली होती. दगडू घेऊन आला. "तुकडा हालतोया," म्हणाला. मी उघडून बघितलं. लाकूड ठणठणीत, खाचेत मुंगी नाही. पण स्क्रूंची भोकं झिजून झिजून अशी मोठी झाली होती की स्क्रू नुसते हातात येत होते. कुणीतरी ते सारखे काढत होतं आणि सारखे घालत होतं.

मी भोकांत शिसवाच्या खुंट्या ठोकल्या आणि जरा जाड स्क्रू घातले.